ढोलाची हमी

आमच्या वस्तीवरून बिरोबाची पालखी निघते ती दसरा झाल्यावरच्या पहिल्या रविवारी. इंदापूरच्या पेठेतून जाते आणि गावाच्या पलीकडं माळावर एक दगड आहे, तिथं टेकते. तो दगड म्हणजे काही देऊळ नव्हे. माझ्या सासऱ्यांचा आजा मेंढरं घेऊन या मुलखात पहिल्यांदा आला, तेव्हा त्यानं तिथं वाडा लावला होता. आमच्यात वाडा म्हणजे घर नाही बरं का, मेंढरं कोंडायचं जाळीचं कुंपण. मेंढरं गेली, कालव्याचं पाणी आलं, आम्ही ऊस आणि कांदा करायला लागलो, पण वर्षातून एकदा देवाला त्या जागी न्यायचं हे काही सुटलं नाही.

तुम्ही म्हणाल, पेठेतूनच कशाला, बाहेरून वाट नाही का. आहे की. पण मेंढरांची वाट आधीची, पेठ मागनं आली. दुकानं आली, शाळा आली, दवाखाना आला, सोलापूरचा रस्ता रुंद झाला. पालखी आपली जुन्या वाटेनंच जाते. वाट वाकडी केली तर देव गावाला पाहुणा होतो, असं सासरे म्हणायचे. आणि आम्ही काही पाहुणे नव्हतो.

मी सांगते ती गोष्ट नव्वदच्या पुढची. साल विचारू नका. आमच्या वस्तीवर पहिला फोन आला त्याच्या आदल्या वर्षीची, एवढं नक्की.

त्याच्या आधीच्या वर्षी आमच्या माणसांनी हायवेवर घोटाळा केला होता. पालखी रस्ता ओलांडत होती, तेवढ्यात शेजारच्या वस्तीचे ढोलवाले म्हणाले, बघू तुमच्यात दम किती. झालं. भर हायवेवर गजी सुरू. गजी म्हणजे ढोलाच्या तालावर रिंगण धरून नाचतात तो आमचा नाच. रिंगण एकदा धरलं की ढोलवाला थांबल्याशिवाय मोडायचं नाही आणि ढोलवाला काही थांबेना. दोन्ही बाजूला ट्रक उभे राहिले. त्यात एक दुधाची गाडी होती, ती नासली. परवानगीचा अर्ज माझ्या धाकट्या दिराच्या नावावर होता, त्याला पोलीस ठाण्यात चार वेळा जाऊन बसावं लागलं. शेवटी साहेबांनी सोडलं, पण सांगितलं की पुढच्या वर्षी परवानगी मागायला याल तेव्हा जबाबदार माणूस घेऊन या.

आता जबाबदार माणूस म्हणजे कोण? वस्तीवर बैठक बसली. दीर म्हणाला, मी पुन्हा त्या बाकावर बसणार नाही. आमचे मालक कारखान्यात कामाला, गुन्हा लागला तर नोकरी गेली. बाकीचे एकेक जण धोतराचा सोगा नीट करत उठले. सासऱ्यांची सत्तरी उलटून गेलेली, बारा वर्षांचे असल्यापासून ते पालखीपुढं ढोल वाजवत आलेले. ते नुसते आपल्या ढोलाकडं बघत बसले. ते मला बघवलं नाही.

मी आतून, चुलीपासूनच म्हणाले, "मी करते सही."

दीर म्हणाला, "वहिनी, ती काय हरभऱ्याची पावती हाय व्हय?"

तसं बघितलं तर वस्तीवर पावत्या मीच वाचायची. शाळा माझी दुसरीत सुटली. पुढचं सगळं मी एसटीच्या पाट्यांवर आणि खताच्या पोत्यांवर शिकले. आधी 'बारामती' वाचता आलं, मग 'दौंड', मग 'युरिया'. जोडाक्षरानं मला लई छळलं, पण मीही त्याला सोडलं नाही. कारखान्याचा कागद आला, सोसायटीची नोटीस आली, की माणसं माझ्याकडं यायची. मग म्हटलं, वाचायचं मी आणि सही मात्र दुसऱ्यानं करायची, हा कुठला न्याय?

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "लिव पोरी."

अर्ज मी दोन दिवस लिहिला. कुठून निघणार, कुठून जाणार, किती वाजता, माणसं किती, वाद्यं किती, सगळं लिहायचं असतं हे दिरानं सांगितलं होतं. मी मन लावून लिहिलं. दिवस कासराभर वर आल्यावर पालखी उठेल. वठलेल्या लिंबापासून वळेल. जुन्या आडाच्या अंगानं पेठेत शिरेल. दिवेलागणीच्या आत माळावर टेकेल. ढोल चाळीस. खाली सही केली आणि इंदापूरला गेले.

ठाण्यातला हवालदार वयानं माझ्याएवढाच, चष्मा नाकावर. त्यानं अर्ज वाचला. परत वाचला. मग शेजारच्याला वाचून दाखवला.

"मावशी," तो म्हणाला, "कासरा कुठल्या घड्याळात असतो?"

मी म्हणाले, घड्याळात नसतो, आभाळात असतो. बैलाच्या कासऱ्याएवढा सूर्य वर आला की कासराभर दिवस. एवढं तर शेंबड्या पोराला कळतं.

"बरं. आणि हा वठलेला लिंब कुठाय?"

"तो पडला की मागंच."

"मग माझ्या शिपायानं उभं कुठं राहायचं?"

तो हसला, मीही हसले, पण घरी येताना एसटीत बसल्यावर मला कळलं की तो चुकीचं बोलत नव्हता. आमच्या वाटेवरच्या खुणा आमच्या डोक्यात होत्या. आड बुजला होता, लिंब पडला होता, तरी आम्ही त्यांना वळसा घालत होतो. शिपायाला ते दिसणार कसं?

मग मी मालकांचं मनगटी घड्याळ घेतलं, जावेला सोबत घेतलं, आणि आम्ही दोघी पालखीची वाट चालायला निघालो. नुसतं चालून भागणार नव्हतं. पालखी चालते गजीच्या पावलानं, दोन पुढं, एक मागं. भर पेठेत दोन बायका नाचत गेल्या असत्या तर लोकांनी दगड मारले नसते, पण काही कमीही केलं नसतं. म्हणून आम्ही पदर खोचून, मनात ताल धरून, हळूहळू चालत होतो. चार पावलं टाकायची, थांबायचं, घड्याळ बघायचं, जावेला सांगायचं, तिनं ध्यानात ठेवायचं. एक भांडीवाला दुकानातून उठून आला आणि विचारायला लागला, मावशी काही हरवलंय का.

जाऊ म्हणाली, "व्हय, येळ हरवलाय. सापडला की सांगतो."

तो बिचारा आमच्यासोबत खाली बघत थोडा चाललासुद्धा.

तर असा आम्ही वेळ शोधला. वस्तीपासून पेठेच्या तोंडापर्यंत किती, पेठेत किती, हायवे ओलांडायला किती, दवाखान्यापासून माळापर्यंत किती. खुणा बदलल्या. लिंबाच्या जागी विजेचा खांब लिहिला, आडाच्या जागी पिठाची गिरणी. दुसरा अर्ज घेऊन गेले तर हवालदारानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, आता कळतंय. पण हायवेचा तुकडा वाटेत आहे, त्यामुळं मोठ्या साहेबांची सही लागेल आणि ते बारामतीला बसतात.

बारामतीला मी भाजी घेऊन मार्केट यार्डात शेकडो वेळा गेले असेन. कचेरीत कधी गेले नव्हते. बाकावर बसले, दुपार झाली, भाकरी खाल्ली, परत बसले. साहेब तरुण होते. त्यांनी विचारलं, मागच्या वर्षीचं माहीत आहे का. मी म्हणाले, माहीत आहे, दुधाची गाडी नासली. चूक आमची. ती झाकायला मी आले नाही. मग त्यांनी विचारलं की या वर्षी काय वेगळं होणार. मी घड्याळ दाखवलं आणि कोणत्या ठिकाणी किती मिनिटं ते तोंडपाठ सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तीन अटी घालतो. एक जरी मोडली तर ही शेवटची परवानगी. मान्य असेल तर हमीपत्रावर सही करा."

त्या तीन अटी मला आजही पाठ आहेत. रस्त्याची अर्धी बाजू मोकळी ठेवायची. हायवे दहा मिनिटांच्या आत ओलांडायचा, रिंगण धरायचं नाही. आणि दवाखान्याच्या अलीकडच्या खांबापासून पलीकडच्या पेट्रोल पंपापर्यंत वाद्य वाजवायचं नाही, कारण तो भाग शांतता क्षेत्र आहे.

मी सही केली. परवान्याचा कागद हातात आला, त्यावर टाइपरायटरच्या अक्षरात 'आयोजक' आणि पुढं 'सौ.' लावून माझं नाव. माझं नाव मी छापील असं पहिल्यांदा बघितलं. परतीच्या एसटीत मी तो कागद तीनदा उघडला. कंडक्टर म्हणाला, मावशी, लॉटरी लागली का.

घरी आल्यावर मात्र खरं दुखणं सुरू झालं. पहिल्या दोन अटी सगळ्यांनी मान हलवून घेतल्या. तिसरी वाचली आणि सासरे उठून उभे राहिले. देव खांद्यावर असताना ढोल थांबत नाही, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक. पालखी टेकली तरच ढोल खाली. आणि दवाखान्यासमोर रस्त्यात पालखी टेकवायची तर रस्ता अडतो, म्हणजे पहिली अट मोडते. दीर म्हणाला, पळवत नेऊ. सासरे म्हणाले, देव काय चोरीचा हाय? आणि शेवटी म्हणाले, ढोल मुका करून न्यायची असेल तर पालखी घरीच राहू द्या.

म्हणजे बघा, परवाना माझ्या ट्रंकेत आणि पालखी जाणार नाही. सरकारनं होय म्हटलेलं आणि घरानं नाही.

दोन दिवस सासरे माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले, तर ते राहिलेल्या चार मेंढ्यांना पाला टाकत होते. तेवढ्या चार त्यांनी हौसेनं ठेवल्या होत्या. त्यातली एक गाभण होती. तिला बघून मला माझ्या लग्नानंतरची एक गोष्ट आठवली. तेव्हा खरा वाडा होता, मोठा. एक मेंढी अडलेली. दीर तेव्हा लहान, त्यानं उन्हात तापवलेला ढोल उचलला आणि एकच थाप मारली. सासऱ्यांनी हातातली काठी अशी फेकली त्याच्यावर की तो ढोल टाकून रानात पळाला, ते जेवायलाच आला.

मी विचारलं, "मामंजी, वाड्यात मेंढी व्यायला बसली तर ढोल वाजवायचा का?"

"खुळी हाईस का? मेंढी बिथरती. कोकरू आडवं येतं."

"आन् देव खांद्यावर असला तर?"

"देव असूंदे न्हाय तर राजा असूंदे. वाड्यापसनं गप जायाचं. देवाला काय कळत न्हाय व्हय?"

"मग त्या दवाखान्यात काय चालतं? आपल्या तालुक्यातल्या निम्म्या बाया तितंच बाळंत हुत्यात."

ते हातातला पाला तसाच धरून उभे राहिले. गाभण मेंढीनं तो पाला त्यांच्या हातातूनच ओढला.

"मग त्या सायबानं तसं का न्हाय लिवलं?" ते म्हणाले. "शांतता क्षेत्र, शांतता क्षेत्र. बाया व्यायला बसल्यात म्हणायचं की. कुणी वाजवलं असतं?"

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या ढोलवाल्यांना बोलावलं. कागद वाचायला लावलाच नाही. म्हणाले, खांबापासून पंपापर्यंत वाडा व्यायला बसलाय. मी हात वर केला की काठी खाली. एवढंच.

रविवार उजाडला. पालखी उठली, भंडारा उधळला, सगळा रस्ता हळदीनं पिवळा. बायका मागं चालतात, तशी मीही मागं, मनगटावर मालकांचं घड्याळ. ते सैल होतं म्हणून सुतळीनं बांधलेलं. पेठेत अर्धा रस्ता मोकळा ठेवायला जाऊ आणि वस्तीवरच्या बायका हाताची साखळी करून चालत होत्या. हायवेला सात मिनिटं लागली. सात. मी हवालदाराला लांबूनच बोटं दाखवली. ट्रकवाले खाली उतरून कपाळाला भंडारा लावून घेत होते. मागच्या वर्षी हेच शिव्या देत होते.

दवाखान्याचा खांब दिसायला लागला. पुढं सासऱ्यांनी हात वर केला. चाळीस ढोल थांबले, जसा एकच ढोल थांबावा. झांजांना आधीच फडकी गुंडाळलेली. ऐकू येत होता तो नुसता पायांचा आवाज. मी एवढी वर्षं पालखीसोबत चालते, पण देवाच्या चालण्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

आणि तेवढ्यात समोरून ढोल वाजला.

इथं माझी चूक सांगते. अर्जात मी ढोल चाळीस लिहिले होते. पण आमच्यात वाटेत कुणाचेही ढोल येऊन मिळतात. पाहुणे ढोल. त्यांना आवतण नसतं आणि त्यांना नाही म्हणायचं नसतं. एवढं मोजमाप केलं, मिनिटं मोजली, आणि हेच विसरले, कारण ते इतकं रोजचं की ते लिहायचं असतं हे सुचलंच नाही. वालचंदनगरच्या बाजूचे पंधरा-वीस ढोलवाले पंपाकडून येत होते, आमच्या सामोरे, नाचत, पूर्ण रंगात. त्यांना ना परवाना ठाऊक, ना अट. हवालदारानं माझ्याकडं बघितलं. त्याच्यामागं बारामतीचे साहेब जीपमधून उतरून उभे होते.

बाईमाणसानं पालखीच्या पुढं जायचं नसतं. मी गेले. पदर सावरत, पळत, पालखी ओलांडून, सासऱ्यांना ओलांडून, खांब आणि पंपाच्या मधल्या त्या रस्त्यावरून सरळ त्यांच्या म्होरक्यापुढं. चांगला उंच, पिवळा झालेला माणूस, डोळे मिटून वाजवत होता. हाका मारून त्याला ऐकू येणार नव्हतं. मी दोन्ही तळवे त्याच्या ढोलाच्या कातड्यावर ठेवले.

ढोलाला बायका हात लावत नाहीत. त्यानं डोळे उघडले ते रागानंच.

मी दवाखान्याकडं मान केली आणि म्हणाले, "दादा, हितं वाडा व्यायला बसलाय."

त्यानं दवाखान्याकडं बघितलं. फाटकाशी पोटुशा बाया, त्यांच्या आया, डबे, पिशव्या. दुसरं काही सांगावं लागलं नाही. त्यानं काठी काखेत मारली, मागं वळून नुसता हात केला, आणि त्याची सगळी माणसं गप्प झाली. एकानं तर ढोलावर आपलं पागोटं टाकलं. आमचे चाळीस आणि त्यांचे पंधरा-वीस, सगळे मिळून मुक्यानं दवाखान्यापुढून गेले. फाटकात एक नर्स उभी होती. ती म्हणाली, अहो, तुम्ही येणार म्हणून आम्ही खिडक्या उघडून बसलो होतो, वाजवत का नाही?

सासरे चालता चालता म्हणाले, "आदी सुटका हुंदे बायांची. मग वाजवू."

पंप ओलांडला आणि त्यांनी हात खाली टाकला. मग जे ढोल वाजले, ते आतल्या बायांनाही लांबून, बेताचे, ऐकू गेले असतील. माळावर पालखी टेकली तेव्हा घड्याळात अर्जातल्या वेळेला बारा मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी मी परवाना परत दाखवायला ठाण्यात गेले. तसं जायची गरज नव्हती, पण मला बघायचं होतं काय लिहिलंय ते. हवालदारानं वही माझ्याकडं फिरवली. 'मिरवणूक वेळेत व शांततेत पार पडली.' मी ते ओठ हलवत वाचलं, जोडाक्षरांसकट. घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं, तर ते नाराज झाले. एवढं वाजवलं आणि शांततेत कसं लिहितो म्हणाले. पण पुढं महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांनी तेच वाक्य ऐकवलं, आणि वर, आमच्या सुनंनं सही केलीती.

त्यानंतर इंदापुरात कुणी मिरवणुकीचा अर्ज घेऊन आलं, मंडळ असो की शाळा, तर हवालदार कपाटातून माझा अर्ज काढायचा आणि सांगायचा, हा बघा, असा लिहून आणा. हे मला मंडळाच्याच पोरांनी येऊन सांगितलं. दुसरी शिकलेल्या बाईचा अर्ज कॉलेजची पोरं उतरवून घेत होती. आता याचा अभिमान वाटू नये म्हणता? मला तर वाटतो. अजून वाटतो.

पुढच्या वर्षी सही कुणी करायची यावर बैठक बसली नाही. दिरानं कोरा कागद आणून माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, "वहिनी, औंदा ढोल किती लिवायचं?"

मी चाळीस लिहिलं. मग थांबले, आणि खाली एक ओळ वाढवली. वाटेत पाहुणे ढोल येतील. किती येतील ते सांगता येत नाही. जेवढे येतील तेवढ्यांची हमी माझी.

बारामतीच्या साहेबांनी त्या ओळीखाली बोट ठेवून ती दोनदा वाचली. मग काही न विचारता सही केली.